व्हाइट सॉक्स हरत असताना शिकागोचा स्पोर्ट्स रेडिओ गप्प का?

सायंप्रवासी (७ ऑगस्ट २०२४)

नमस्कार.

शिकागोच्या लूप या मध्यवर्ती भागातून पश्चिमेकडच्या उपनगरात परतताना आयझेनहॉवर एक्सप्रेसवेवर माझा रोज तासभर तरी मोडतो, आणि गेली अकरा वर्षे त्या तासाला सोबत आहे ती स्पोर्ट्स रेडिओची. इथे येईपर्यंत बेसबॉलचे मला ओ की ठो कळत नव्हते. जे काही कळले ते बहुतेक गाडीत बसून, कानांनी कळले. कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी दक्षिण शिकागोचे असल्यामुळे मी व्हाइट सॉक्स या तिथल्या बेसबॉल संघाच्या गोटात गेलो आणि आता त्यातून सुटका नाही.

यंदा काय चालले आहे हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या २५ सामन्यांपैकी २२ गमावून हंगामाची सुरुवात झाली. मे-जूनमध्ये सलग १४ पराभव झाले. त्यानंतर १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत सलग २१ पराभव झाले आणि १९८८ च्या बाल्टिमोर ओरिओल्सने अमेरिकन लीगमध्ये केलेल्या नकोशा विक्रमाशी आमची बरोबरी झाली. काल ओकलंडमध्ये एकदाचा ५-१ असा विजय मिळाला. आज सकाळी तक्त्यात २८ विजय आणि ८८ पराभव दिसत होते. हंगाम १६२ सामन्यांचा असतो, त्यामुळे १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने नोंदवलेला १२० पराभवांचा आधुनिक काळातील विक्रम मोडला जाण्याची भीती आता कोणी हसण्यावारी नेत नाही.

माझा प्रश्न संघाविषयी कमी आणि रेडिओविषयी अधिक आहे. एप्रिलमध्ये संघ हरू लागला तेव्हा दुपारच्या कार्यक्रमांत नुसता वणवा पेटला होता; मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, पेद्रो ग्रिफोल यांना काढा, खेळाडू विका, मालक जेरी राइन्सडॉर्फ यांनी संघच विकावा, असे फोन एकामागून एक येत होते. तेव्हा मला वाटले होते की हे असेच चालू राहिले तर या मंडळींची चंगळ होईल. प्रत्यक्षात जुलै उजाडेपर्यंत सारे थंड झाले. सलग सोळावा, सतरावा पराभव झाल्यानंतरही चार तासांच्या कार्यक्रमात सॉक्सच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे येत होती, आणि तीही एखाद्या लांबच्या नातेवाइकाच्या फजितीवर हसावे तशी हसण्यात जात होती. इतका ऐतिहासिक पराभव समोर असताना, ज्यांचे पोट तक्रारींवर चालते त्यांनाच तक्रार करावीशी का वाटत नाही?

एक अनुभव सांगतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी आयुष्यात प्रथमच एका रेडिओ स्थानकाला फोन लावला. त्यासाठी मॅनहाइम रोडला एक्सप्रेसवेवरून उतरून गाडी एका पार्किंगमध्ये उभी केली. पलीकडच्या मुलाने नाव विचारले, गाव विचारले, गाडीतला रेडिओ पूर्ण बंद करायला सांगितला आणि मग म्हणाला, तुमचा मुद्दा एका वाक्यात सांगा. मी संघाची पुनर्बांधणी, जखमी खेळाडू, मालकांचे वय आणि नव्या स्टेडियमसाठी मागितला जाणारा सार्वजनिक पैसा असे सगळे एका दमात सांगितले. त्याने मला थांबवून ठेवले. पस्तीस मिनिटे मी फोनमधूनच कार्यक्रम ऐकत बसलो; मग कोणीतरी फुटबॉलच्या बेअर्सचा विषय काढला आणि थोड्याच वेळात माझा फोन न बोलताच कापला गेला. माझे काय चुकले, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

---

फोनवाला (८ ऑगस्ट २०२४)

सायंप्रवासी, तुमचे काय चुकले हे मी सांगू शकतो, कारण त्या मुलाच्या खुर्चीत मी दोन वर्षे बसलो आहे. विद्यार्थी असताना मिडवेस्टमधल्या एका लहान शहराच्या स्थानकावर मी येणारे फोन उचलून निवडण्याचे काम करीत असे. पगार नगण्य होता, पण माणसे ओळखण्याचे शिक्षण फुकट मिळाले.

समोरच्या पडद्यावर फोनच्या ओळींची यादी असते. प्रत्येक ओळीपुढे नाव, गाव आणि मुद्दा टंकायचा; तीच यादी काचेपलीकडे सूत्रसंचालकाला दिसते. मुद्द्यासाठी जागा अगदी लहान असते, म्हणून ‘एका वाक्यात सांगा’. तुम्ही चार मुद्दे सांगितलेत, त्या मुलाने त्यातून बहुधा ‘सॉक्स, मालक’ एवढेच टंकले असेल, आणि त्याच्या वर-खाली तसेच ‘सॉक्स, मालक’ आणखी तिघांच्या नावापुढे असेल. सूत्रसंचालकाला बरोबर मत नको असते. ज्याच्यावर पुढचे तीन फोन उलटून पडतील असे मत त्याला हवे असते. मला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले की सगळ्यांना पटेल असे बोलणारा माणूस हा कार्यक्रमाचा शत्रू असतो. त्याला अदबीने थांबवून ठेवायचे आणि विसरायचे.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तरही मला यातच दिसते. एप्रिलमध्ये वादाला दोन बाजू होत्या. दोष मॅनेजरचा की खेळाडू निवडणारे जनरल मॅनेजर क्रिस गेट्झ यांचा, जखमी खेळाडू परतल्यावर चित्र पालटेल का, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गॅरेट क्रोशे याला आताच विकावे की ठेवावे, यावर माणसे तावातावाने भांडू शकत होती. जुलैत भांडायला कोणी उरलेच नाही. संघ वाईट आहे हे सगळ्यांना मान्य, मालकांनी तो विकावा हे सगळ्यांना मान्य, आणि ते विकणार नाहीत हेही सगळ्यांना मान्य. टाळी एका हाताने वाजत नाही. राग कितीही असला तरी तो एकाच दिशेने वाहू लागला की पाचव्या फोननंतर ऐकणारा कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस गाडीत असेल तर दुसरे स्थानक त्याच्यापासून एका बोटाच्या अंतरावर असते.

हे बोट फार महाग पडते. मोठ्या शहरांत श्रोत्यांची मोजणी अंगावर बाळगायच्या एका लहानशा यंत्राने होते. निवडक लोक ते सोबत ठेवतात आणि कानावर कोणते स्थानक किती वेळ पडले हे ते यंत्र नोंदवते. हिशोब पाव-पाव तासांचा असतो आणि स्पोर्ट्स स्थानके जाहिरातदारांपुढे प्रामुख्याने २५ ते ५४ वयाच्या पुरुषांचा आकडा ठेवतात. आता शिकागोचा विचार करा. सॉक्सचा विषय काढला की शहरातल्या दुसऱ्या बेसबॉल संघाचा, म्हणजे कब्जचा, उत्तरेकडचा चाहता बोट उचलतो, कब्जचा विषय काढला की तुम्ही उचलता. बेअर्सचा विषय काढला की कोणीच उचलत नाही. त्यातच एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बेअर्सनी पहिल्या क्रमांकावर केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला, जुलैत त्यांचा सराव सुरू झाला आणि १ ऑगस्टला त्यांचा पहिला प्रदर्शनीय सामनाही झाला. म्हणजे तुम्ही ज्या आठवड्यात फोन केलात तो आठवडाच फुटबॉलच्या तोंडावरचा होता.

प्रसारणहक्कांचीही एक बाजू आहे. यंदा कब्जचे सामने ६७० एएमवर म्हणजे ‘द स्कोअर’वर असतात, आणि सॉक्सचे १००० एएमवर. ज्याच्याकडे हक्क आहेत त्याला संध्याकाळी सामना ऐकवायचा असतो. दुपारभर ‘हा संघ ऐकण्याच्या लायकीचा नाही’ असे सांगून संध्याकाळी तोच माल विकायला बसणे अवघड. ज्याच्याकडे हक्क नाहीत तो बोलायला मोकळा असतो, पण त्याला त्या संघाचे काही पडलेले नसते. कोणी कोणाचे तोंड दाबते असे मी म्हणत नाही. माझ्या अनुभवात तशी वेळच येत नसे.

थोडे विषयांतर होते आहे, पण राहवत नाही. ‘द स्कोअर’ २ जानेवारी १९९२ रोजी सुरू झाले तेव्हा ते ८२० एएमवर होते आणि परवाना फक्त दिवसाचा होता. रात्री एएमच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, आणि ८२० वर टेक्सासमधले एक मोठे स्थानक असल्याने शिकागोच्या या स्थानकाला सूर्य मावळला की बंद व्हावे लागे. हिवाळ्यात दुपारी साडेचारच्या सुमारासच. खेळावर बोलणारे स्थानक, आणि रात्रीचा खेळ सुरू व्हायच्या आत ते बंद! तरीही ते चालले, कारण लोकांना सामन्यापेक्षा कालच्या सामन्यावरचे भांडण ऐकायचे होते. न्यूयॉर्कमध्ये १ जुलै १९८७ रोजी ‘डब्ल्यूएफएएन’ने दिवसरात्र फक्त खेळावर बोलायला सुरुवात केली तेव्हा हे फार दिवस टिकणार नाही असेच पुष्कळांना वाटत होते.

ता. क. हे लिहीत असतानाच ग्रिफोल यांना काढल्याची बातमी आली. २८ विजय आणि ८९ पराभव. त्यांच्या जागी उरलेल्या हंगामापुरते ग्रेडी साइझमोर आले आहेत. आज घरी जाताना रेडिओ लावून पाहा. फोन पुन्हा खणखणत असतील, कारण वादाला आज पुन्हा दोन बाजू मिळाल्या आहेत. शनिवारपर्यंत त्या टिकतील असे मात्र वाटत नाही.

---

आकडेमोड (११ ऑगस्ट २०२४)

फोनवाला यांनी सांगितलेली यंत्रणा पटली, परंतु भांडायला काही उरले नव्हते हे मला मान्य नाही. भांडायला डोंगराएवढे आहे. त्यासाठी मागचे थोडे वाचावे लागते, एवढीच अडचण आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये या संघाने क्रिस सेल हा आपला सर्वोत्तम पिचर बोस्टनला दिला आणि तिथून पुनर्बांधणी सुरू झाली. २०१७ च्या जुलैत होजे किंताना कब्जकडे गेला आणि बदल्यात एलॉय हिमेनेस व डिलन सीस आले. तेव्हा रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत ही पुनर्बांधणी आदर्श म्हणून सांगितली जात होती. २०२० मध्ये संघ बाद फेरीत पोहोचला, २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून त्याने आपला विभाग जिंकला. त्यानंतर २०२२ मध्ये ८१ विजय व ८१ पराभव, २०२३ मध्ये १०१ पराभव, आणि यंदाचे आपण पाहतोच आहोत. तीन वर्षांत इतकी घसरण एका मॅनेजरने होत नाही.

माझ्या मते मूळ वळण ऑक्टोबर २०२० मधले आहे. तरुण संघ नुकता उमलत असताना मालकांनी ७६ वर्षांच्या टोनी ला रूसा यांना मॅनेजर म्हणून आणले. ला रूसा यांनी २०११ नंतर एकाही संघाची धुरा सांभाळली नव्हती. यामागे एक जुनी सल होती. १९८६ मध्ये याच संघाने ला रूसा यांना काढले होते, आणि त्याचे शल्य राइन्सडॉर्फ यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवले. ज्यांनी काढले ते केन हॅरलसन हे त्या एका वर्षापुरते जनरल मॅनेजर झाले होते. त्याआधी ते याच संघाचे सामने दूरचित्रवाणीवरून सांगत असत आणि नंतर पुन्हा अनेक वर्षे तेच करू लागले. समालोचकाला गादीवर बसवून पाहण्याचा प्रयोगही या संघाने करून झाला आहे, तेव्हा रेडिओवर फोन करणाऱ्यांनी आपल्याला कोणी विचारत नाही असे समजून खट्टू होऊ नये!

आता एका गैरसमजाबद्दल, कारण तो मी गेल्या महिन्यात वेगवेगळ्या तोंडून किमान चार वेळा ऐकला. ‘हरू द्या, निदान पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला खेळाडू तरी आपल्याला मिळेल’, असे फोन करणारे म्हणतात आणि सूत्रसंचालकही त्यावर मान डोलावतात. ते खरे नाही. २०२२ च्या कामगार करारानंतर ड्राफ्टच्या पहिल्या सहा जागा सोडतीने ठरतात, आणि मोठ्या बाजारपेठेतल्या ज्या संघांना उत्पन्नवाटपात पैसे द्यावे लागतात त्यांना सलग दोन वर्षे सोडतीतली जागा घेता येत नाही. सॉक्सला यंदा सोडतीतून पाचवा क्रमांक मिळाला होता. म्हणजे ते यापुढचे सगळे सामने हरले तरी २०२५ मध्ये त्यांना दहाव्याच्या वरचा क्रमांक मिळणार नाही. मुद्दाम हरण्याची सवय मोडावी म्हणून हा नियम आला. मुद्दाम न हरताही जो इतका हरतो त्याची सोय करायला मात्र कोणी तयार नव्हते.

राहिला मालकांवर परिणाम होण्याचा प्रश्न. राइन्सडॉर्फ यांच्या गटाने १९८१ मध्ये हा संघ घेतला. मेजर लीगमध्ये तळाचा संघ खालच्या लीगमध्ये ढकलला जात नाही आणि संघाचे मूल्य हरण्यामुळे घटतेच असे नाही. १९८८ मध्ये फ्लॉरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला संघ हलवण्याची तयारी चालू होती. ३० जूनच्या मध्यरात्री इलिनॉय विधिमंडळात घड्याळ थांबवून नव्या स्टेडियमच्या सार्वजनिक पैशाला मंजुरी मिळवली गेली, तेव्हा संघ राहिला. घड्याळ थांबवून घेतलेल्या माणसाला दुपारी चारच्या फोनने काय होणार?

---

चेसापीक (१८ ऑगस्ट २०२४)

१९८८ चा उल्लेख वर दोनदा आला, म्हणून लिहितो. त्या वसंतात मी बाल्टिमोरमध्ये शिकत होतो आणि ओरिओल्सचे ते २१ पराभव मी त्या शहरात राहून पाहिले. फोनवाला म्हणतात की सगळ्यांचे एकमत झाले की रेडिओ मरतो. आमच्याकडे नेमके उलटे घडले होते.

ते पराभव हंगामाच्या पहिल्या दिवसापासून सुरू झाले. सहा सामने हरल्यावर मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना काढले, ज्यांची दोन मुले त्याच संघात खेळत होती, आणि फ्रँक रॉबिन्सन आले. तरी संघ हरतच राहिला. त्या वेळी शहरात फक्त खेळाला वाहिलेले असे स्थानक मला आठवत नाही. पण ‘९८ रॉक’ या रॉक संगीताच्या स्थानकावर सकाळचे निवेदक बॉब रिव्हर्स यांनी जाहीर केले की ओरिओल्स जिंकेपर्यंत आपण माइक सोडणार नाही. त्यांना वाटले असेल, एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे. ते २५८ तास चालले. गाण्यांच्या मध्ये डुलक्या काढत, दिवसेंदिवस अधिकाधिक घोगऱ्या होत गेलेल्या आवाजात तो माणूस बोलत होता, आणि आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सकाळी कोणीतरी रेडिओ लावून आधी एवढेच विचारी की अजून आहे का तो. ज्यांना बेसबॉलशी काही देणेघेणे नव्हते तेही विचारू लागले. मी त्यांतलाच एक होतो.

अखेर २९ एप्रिलला ते ९-० असे जिंकले, आणि कोणाविरुद्ध, तर तुमच्याच व्हाइट सॉक्सविरुद्ध, शिकागोच्या जुन्या कॉमिस्की पार्कमध्ये. त्यानंतर २ मे रोजी संघ घरी परतला तेव्हा मेमोरियल स्टेडियममध्ये ५०,४०२ लोक आले. एक विजय आणि जवळजवळ दोन डझन पराभव खात्यावर असलेल्या संघासाठी! त्याच रात्री नव्या स्टेडियमसाठीचा करार झाल्याचे जाहीर झाले, जे पुढे कॅम्डन यार्ड्स झाले. हंगामअखेर पराभव १०७ भरले. पण पुढच्याच वर्षी त्या संघाने ८७ सामने जिंकले आणि शेवटच्या आठवड्याअखेरपर्यंत विभागाच्या विजेतेपदासाठी झुंज दिली.

आता तुमच्यात आणि आमच्यात फरक कशाचा होता, याचा मी पुष्कळ विचार केला. एक तर आमच्याकडे दुसरा संघ नव्हता. फुटबॉलचे कोल्ट्स १९८४ मध्ये एका रात्रीत ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेले होते, त्यामुळे बोट फिरवून जायला जागाच नव्हती. दुसरे, एप्रिल होता. पण मला वाटते खरी गोष्ट अशी की रिव्हर्स वाद घालत नव्हते. ते शहराबरोबर जागत होते. तुमच्या रेडिओला फक्त भांडता येते, जागता येत नाही.

---

विद्युल्लता (१८ ऑगस्ट २०२४)

मी गप्पांचे कार्यक्रम ऐकणे केव्हाच सोडले. फक्त सामन्याचे समालोचन ऐकते, आणि यंदा तेच अधिक ऐकण्यासारखे आहे असे माझे प्रामाणिक मत आहे. लेन कॅस्पर हे कब्जचे दूरचित्रवाणीवरचे चांगले चाललेले काम सोडून २०२१ च्या हंगामापासून सॉक्सच्या रेडिओवर आले, केवळ रेडिओवर बेसबॉल सांगता यावा म्हणून. त्यांना नशिबाने हा हंगाम दिला. सातव्या डावात संघ सहा धावांनी मागे असतानाही चेंडू कुठे पडला, डाव्या बाजूचा क्षेत्ररक्षक किती पावले धावला, वारा सरोवराकडून आहे की सरोवराकडे, हे सगळे सांगावेच लागते. तिथे बेअर्सचा विषय काढून सुटता येत नाही. बेसबॉलचा सामना रेडिओवरून प्रथम सांगितला गेला तो ५ ऑगस्ट १९२१ रोजी, पिट्सबर्गच्या ‘केडीकेए’वरून. बरोबर १०३ वर्षांनी त्याच तारखेला सॉक्सचा एकविसावा पराभव झाला, आणि तोही कोणीतरी नीट, चेंडूगणिक सांगितलाच. चेसापीक म्हणतात तसे जागणारे कोणी शिल्लक असेल, तर ते इथे आहे.

---

सायंप्रवासी (३० सप्टेंबर २०२४)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला दीड महिना लावला, कारण हंगाम संपू द्यावा असे वाटले. तो काल संपला: ४१ विजय, १२१ पराभव. फोनवाला, तुमचे भाकीत खरे ठरले. ग्रिफोल गेले त्या दिवशी फोन खणखणले आणि शनिवारी पुन्हा बेअर्स सुरू झाले.

शेवटचा आठवडा मात्र मी रेडिओवर पूर्ण ऐकला, बराचसा विद्युल्लता यांच्या सांगण्यावरून, म्हणजे गप्पा टाळून समालोचन. १२० वा पराभव सॅन दिएगोत झाला होता. २४ तारखेला संघ घरच्या मैदानावर परतला तेव्हा इतिहास पाहायला, म्हणजे १२१ वा पराभव पाहायला, लोक आले होते, आणि ‘संघ विका’ अशा घोषणा समालोचनाच्या मागे स्पष्ट ऐकू येत होत्या. आठव्या डावापर्यंत पाहुणा संघ एंजल्स २-० असा पुढे होता. मग सॉक्सनी तीन धावा काढल्या आणि सामना जिंकला. आपल्याच संघाने जिंकून आपली गैरसोय केली, हे त्या प्रेक्षकांच्या आवाजातून कळत होते. ओरडावे की टाळ्या वाजवाव्यात हे ठरत नव्हते आणि दोन्ही थोडे थोडे चालले होते. पुढचे दोन सामनेही त्यांनी जिंकले. अखेर २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये ४-१ असा तो पराभव झाला, आणि त्याच विजयाने डेट्रॉइटला २०१४ नंतर प्रथमच बाद फेरीत जागा मिळाली, त्यामुळे मैदानावरचा सगळा जल्लोष त्यांचा होता. १२१ आकडा आमच्या नावावर लागला तो दुसऱ्याच्या आनंदाच्या गोंगाटात. त्यानंतरचे दोन्ही सामने सॉक्सनी जिंकले, तेव्हा शेवटच्या सहांपैकी पाच. असे का, हे कृपया आकडेमोड यांनी सांगावे.

आता कबुली. २३ तारखेला, सोमवारी, मी पुन्हा फोन केला. तेच स्थानक, तेच मॅनहाइम रोडचे पार्किंग. तोच मुलगा असावा. मुद्दा एका वाक्यात सांगा म्हणाला. या वेळी मी वाक्य आधी कागदाच्या पावतीमागे लिहून ठेवले होते: ‘सॉक्स सगळे सामने हरले तरी पुढच्या वर्षी त्यांना पहिला खेळाडू मिळणार नाही.’ पलीकडे क्षणभर शांतता झाली, मग टंकल्याचा आवाज आला. चार मिनिटांत मी प्रसारणात होतो.

सूत्रसंचालकांनी मला आधी खोडून काढले, मग नियम विचारला, मग कोणाला तरी तो शोधायला सांगितला. मला बोलायला एकंदर मिनिटभर मिळाले असेल. पण गाडी पुन्हा रस्त्याला लावून रेडिओ सुरू केला तर विषय तोच चालू होता. एक गृहस्थ म्हणत होते की असा नियम असूच शकत नाही. त्यांच्यानंतरचे म्हणाले की नियम आहे आणि तो योग्यच आहे, हरण्याचे बक्षीस कशाला द्यायचे. हे कब्जचे निघाले. तिसरे फार संतापले होते. त्यांना नियमाविषयी काहीच म्हणायचे नव्हते, त्यांना फक्त जाणून घ्यायचे होते की त्या करारावर सॉक्सच्या वतीने हो कोणी म्हटले. सूत्रसंचालक हसले आणि उत्तर जाहिरातींनंतर देऊ म्हणाले. जाहिराती संपायच्या आत मी घराच्या दारात पोहोचलो होतो, तरी गाडी बंद केली नाही.